मामांना सांगूनच न्या

*डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही मानवत तालुक्यातले. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, ६३ वर्षांचे आहेत. शुगर आठ-नऊ वर्षांपासून आहे, तंबाखू तर पहिल्यापासूनच. दिवाळीच्या आधीपासून शेताकडं निघाले की नाल्याच्या चढाला छाती आवळल्यासारखी होतीय, थांबले की पाच मिनिटांत कमी येतंय. परभणीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, इको केला, पट्ट्यावर चालवलं आणि अँजिओग्राफी करून घ्या म्हणून संभाजीनगरला चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर 'सीएजी प्लस-मायनस पीटीसीए' असं लिहिलंय. तेव्हापासून घरात नुसता गोंधळ. आत्या रडायल्यात, कारण गल्लीतले एकजण असेच नळी टाकायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. भाऊजी म्हणायलेत, मामांना काही सांगू नका, सोनोग्राफी करायचीय म्हणून गाडीत बसवू. पाहुण्यांतले एकजण म्हणायलेत, नळी-बिळी नको, सलाईन लावून ब्लॉकेज विरघळवणारे आहेत, तिकडं न्या. मामा स्वतः काहीच विचारीनात, हरभरा पेरून होऊ द्या एवढंच म्हणतात. यात नेमकं करतात काय, दुखतं किती, जिवाला धोका किती आणि माणूस परत शेतात जातो का, तेवढं सांगा. — एक सून*

ताई, सगळ्यात आधी भाऊजींचा बेत मोडून काढा. अँजिओग्राफी जिथं करतात त्या कॅथ लॅबच्या टेबलावर माणूस पूर्ण जागा असतो. भूल असते ती फक्त मनगटापुरती. डोक्याशी मॉनिटर वाजतोय, छातीवरून कॅमेऱ्याचं मोठं धूड कधी डावीकडं तर कधी उजवीकडं कलतंय, आजूबाजूची माणसं जाडजूड शिशाचे एप्रन घालून वावरतायत आणि मधूनच कुणीतरी म्हणतंय, "बाबा, श्वास रोखा... हां, सोडा." जन्मभर शेती केलेला माणूस याला सोनोग्राफी समजेल का? तिथं तो घाबरला की नाडी वाढते, बीपी चढतं, हाताची नस आखडते आणि अर्ध्या तासाचं काम लांबत जातं. शिवाय संमतीपत्रावर सही त्यांची लागते. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या काळजापर्यंत नळी न्यायची तर परवानगी त्याचीच हवी, मुलाची नव्हे. आपल्याकडं मुलं काउंटरवर सह्या करतात आणि म्हातारा बाहेर बाकावर पिशवी धरून बसलेला असतो. हे बघून माझं डोकं दर वेळी फिरतं.

मामा काही विचारत नाहीत याचा अर्थ त्यांना काही कळलं नाही असा काढू नका. पट्ट्यावर चालताना मधेच थांबवलं तेव्हाच त्यांना अंदाज आला असणार. हरभरा पुढं करतायत ते बहुतेक भीतीपोटीच. तेव्हा एखाद्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मुलानं आणि तुम्ही दोघांनी त्यांच्यापाशी बसा. काय सांगायचं ते मी लिहून देते.

अँजिओग्राफी हा उपचार नाही, तपासणी आहे. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य धमन्या असतात. डावीकडं दोन आणि उजवीकडं एक. त्यात कुठं आणि किती अडथळा आहे हे इको किंवा ईसीजी दाखवू शकत नाही. त्यासाठी मनगटातल्या धमनीतून साधारण २ मिलिमीटर जाडीची लवचिक नळी हृदयाच्या तोंडापर्यंत नेतात, तिच्यातून आयोडिन असलेलं औषध सोडतात आणि ते धमन्यांतून वाहत जाताना एक्स-रेखाली चित्रीकरण करतात. या नळीला कॅथेटर म्हणतात, म्हणून ती खोली कॅथ लॅब. झडपांचे दाब मोजायला किंवा लहान लेकरांच्या हृदयातलं भोक तपासायलाही अशीच नळी घालतात, पण मामांचं काम तेवढं नाही. काही ठिकाणी मनगटाऐवजी जांघेतून जातात. मनगटातून केलं तर रक्तस्राव कमी होतो आणि माणूस लवकर उठून बसतो, म्हणून शक्य असेल तर तेच बरं. चिठ्ठी दाखवाल तेव्हा विचारून ठेवा.

दुखतं किती? सुरुवातीला भुलीचं इंजेक्शन टोचताना मधमाशी चावल्याएवढं. मग मनगटात दाबल्यासारखं, कधी दंडात ओढ लागल्यासारखं वाटतं. नळी पुढं सरकताना आत काही जाणवत नाही, कारण धमनीच्या आतल्या बाजूला ती जाणीवच नसते. औषध सोडलं की अंगातून गरम लाट गेल्यासारखी होते. क्वचित छातीत धडधडतं, कधी लघवी झाली की काय असा भास होतो. झालेली नसते. हे आधी सांगितलं असेल तर माणूस हसतो, नसेल तर हादरतो. खोलीत एसी कडक असतो, अंगावर पातळ गाऊन, त्यामुळं थंडी वाजते. ब्लँकेट मागायला लाजू नका म्हणावं. कुठं दुखलं, घशाशी आलं, मळमळलं तर तिथल्या तिथं बोलायचं. हात मात्र हलवायचा नाही. नुसती तपासणी असेल तर वीस ते तीस मिनिटांत बाहेर.

मामा गोष्टीवेल्हाळ असतील तर त्यांना एक गोष्टही सांगता येईल. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरानं स्वतःच्याच दंडातल्या शिरेतून लघवीसाठी वापरायची नळी काळजापर्यंत सरकवली, आणि नळी तशीच ठेवून तो चालत एक्स-रेच्या खोलीत गेला आणि फोटो काढून घेतला. काळजात नळी गेली की माणूस जागच्या जागी मरतो, अशी तेव्हा मोठमोठ्यांची खात्री होती. वरिष्ठांनी त्याचं कौतुक केलं नाही, उलट त्याला हृदयाचं काम सोडून लघवीच्या आजारांकडं वळावं लागलं. १९५६ मध्ये त्याच नळीसाठी त्याला दोघांबरोबर विभागून नोबेल मिळालं. आज तर हे काम देशात रोज हजारोंवर होतं.

आता गल्लीतल्या त्या गृहस्थांबद्दल. मी त्यांचे कागद पाहिलेले नाहीत, पण अशा गोष्टींमागं बहुतेक वेळा एकच कथा असते. माणसाला मोठा अटॅक आलेला असतो, घरी 'ॲसिडिटी आहे' म्हणत रात्र काढलेली असते, बीपी खाली गेलेलं असतं, आणि अशा अवस्थेत त्याला टेबलावर घेतात. तो जातो तो अटॅकनं. गावात नाव नळीचं होतं. मामा चालत जाणार आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. अशा स्थिर माणसात नुसत्या अँजिओग्राफीत मृत्यू, अटॅक किंवा लकवा असं काही होण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. शून्य मात्र नाही, आणि शून्य आहे असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मनगटाला काळंनिळं पडणं, थोडी सूज येणं हे बऱ्याचदा होतं आणि आठवड्याभरात जातं.

मामांच्या बाबतीत मला खरी काळजी आहे ती किडनीची. शुगर आहे, वय आहे आणि वरून धमन्यांत सोडायचं ते आयोडिनचं औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, किडनीतूनच बाहेर पडतं. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून किडनीचं काम कळतं. आता मला सांगा, मामा गुडघ्यासाठी मेडिकलवरून गोळ्या आणून खातात का? आपल्याकडं खत भरायला गेलेला माणूस येताना दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी घेऊनच येतो. या गोळ्या किडनीला त्रास देतात, तेव्हा तारीख ठरल्यापासून त्या बंद आणि खाल्ल्या असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. काढे, पुड्या, भस्मं यांचंही तेच. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती थांबवायची की नाही हे किडनीच्या रिपोर्टवर ठरतं, ते त्यांनाच विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. ॲस्पिरिन सहसा चालूच ठेवतात. पूर्वी कधी सीटी स्कॅनच्या इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या असतील, दमा असेल, तर तेही सांगा. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून पिशवीच घेऊन जा, नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

आदल्या रात्री साधं जेवण. सकाळी चार ते सहा तास पोट रिकामं ठेवायला सांगतात. पाण्याबद्दल प्रत्येक दवाखान्याचा नियम थोडा वेगळा असतो, तो विचारा. पण उपाशीपोटी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं देऊन बसू नका, शुगर एकदम खाली येईल. नेमकी एकादशी आली आणि मामा ती धरत असतील तर आदल्या दिवशीचा उपवास नको. कवळी, अंगठी, करगोटा, गळ्यातली साखळी घरीच ठेवा. तुळशीची माळ असेल तर सिस्टरना आधीच सांगा. गळ्यातून काढावी लागली तरी दुसऱ्या हाताला बांधू देतात का ते विचारता येतं. ऐन टेबलावर माळेवरून वाद नको.

आता चिठ्ठीवरच्या त्या 'प्लस-मायनस'कडं या. या पत्रातली ही जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सीएजी म्हणजे तपासणी. पीटीसीए म्हणजे अँजिओप्लास्टी, अडथळ्याच्या जागी स्टेंट बसवणं, गावाकडं ज्याला स्प्रिंग टाकणं म्हणतात. मधला प्लस-मायनस म्हणजे 'लागली तर तिथंच करून टाकू'. होतं काय, मामा आत टेबलावर, तुम्ही बाहेर दारापाशी. पंधरा मिनिटांत डॉक्टर टोपी-मास्कसकट बाहेर येतात, आत बोलावून स्क्रीनवर काळ्या-पांढऱ्या रेषा दाखवतात आणि म्हणतात, "इथं नव्वद टक्के आहे. करून टाकायची का? दोन मिनिटांत सांगा." त्या दोन मिनिटांत तुम्हाला फक्त 'नव्वद' ऐकू येतो. मुलगा सही करतो, भाऊजी पैशांसाठी फोन लावतात आणि मामांना विचारायचं राहूनच जातं. वाईट हेतूनं होतं असं मी म्हणत नाही. पुष्कळदा त्याच बैठकीत करणं सोयीचं आणि योग्यही असतं: एकदाच टोचणं, एकदाच मुक्काम. पण हा निर्णय त्या दोन मिनिटांतला नाही, घरातला आहे.

का, ते सांगते. अटॅक चालू असताना स्टेंट जीव वाचवतो, तिथं विचार करत बसूच नये. पण मामांसारखं चाललं की दुखतं, थांबलं की राहतं, असं महिनोन्महिने ठरावीक चाललेलं असेल तर गोष्ट निराळी. इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. ३७ देशांतले पाच हजारांवर स्थिर रुग्ण त्यात होते. निम्म्यांना चांगली औषधं देऊन सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केलं, निम्म्यांना आधी नुसत्या औषधांवर ठेवलं. सरासरी तीन वर्षांहून थोड्या जास्त काळात मृत्यू आणि अटॅक यांत दोन्हीकडं ठळक फरक पडला नाही. छातीतलं दुखणं मात्र स्टेंट-बायपासवाल्यांचं जास्त कमी झालं. म्हणजे स्थिर माणसात स्टेंट मुख्यतः दुखण्यासाठी आहे, आणि दुखणं हेही कारण पुरेसं असू शकतं. नाल्याचा चढ चढता येत नसेल तर शेतकऱ्याला ते छोटं नाही. यात एक अपवाद: डावीकडच्या दोन्ही धमन्या जिथून फुटतात त्या मुख्य खोडालाच अडथळा असेल तर तो ५० टक्के असला तरी गंभीर धरतात आणि नुसत्या औषधांवर सोडत नाहीत. अशी माणसं त्या अभ्यासात घेतलेलीच नव्हती.

दुसरं, मामांना शुगर आहे. शुगरच्या माणसात दोन-तीन धमन्यांत अडथळे निघाले तर बायपासचा फायदा स्टेंटपेक्षा जास्त टिकतो, हे २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात दिसलं. तिथं घाईनं तीन स्प्रिंगा टाकून मोकळं होण्यापेक्षा अँजिओग्राफीची सीडी घेऊन घरी येणं आणि हृदयाच्या सर्जनला दाखवणं शहाणपणाचं. तो टक्क्यांचा आकडाही डोळ्यानं केलेला अंदाज असतो. पन्नास-साठ-सत्तरच्या आसपास असेल तर नळीतूनच दाब मोजायची एफएफआर नावाची तपासणी करता येते. तो आकडा ०.८० किंवा खाली आला तर अडथळा खरोखर रक्त अडवतोय असं धरतात.

म्हणून आदल्या भेटीत, मामांच्या समोर, डॉक्टरांशी ठरवून घ्या: एकाच धमनीत सरळ अडथळा निघाला तर काय, दोन-तीनमध्ये निघाला तर काय. मामा म्हणाले 'एकच असेल तर उरकून टाका, जास्त असतील तर मला बाहेर आणा', तर तसं केस पेपरवर लिहून घ्या. टेबलावरून नुसतं परत येणं हा अपमान नाही, कुणाचाच नाही. चांगल्या डॉक्टरला असा पेशंट आवडतो. ज्याला आवडत नाही त्याच्याबद्दल तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

पैशाचंही यातच येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि आता सगळ्या रंगांच्या रेशन कार्डांना ती लागू आहे. दवाखाना मात्र योजनेतला असायला हवा. तिथं आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, टेबल असतो. नुसत्या अँजिओग्राफीचे पैसे भरावे लागतील का, ते त्यालाच विचारा. कागद, मंजुरी यांना वेळ लागतो. योजना कॅशलेस आहे, आधी भरा आणि नंतर परत घ्या अशा भरवशावर राहू नका. 'दोन मिनिटांत सांगा'च्या वेळी ही मंजुरी हातात नसेल तर खिशातूनच जातात. योजनेचा फोन १५५३८८. पैसे भरूनच करायची वेळ आली तर एवढं माहीत असू द्या: स्टेंटच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ती पहिल्यांदा लागली तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये होती, नंतर वेळोवेळी बदलली. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी लिहून मागा.

सलाईनवाल्या पाहुण्यांना काय सांगायचं? ठिबकच्या नळ्यांत क्षार साचला की आपण ॲसिड सोडून धुतो, तसंच काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढं असणार. पण धमनीतला अडथळा नळीत साचलेला नसतो. तो भिंतीच्या आत, अस्तराखाली वर्षानुवर्षं वाढलेला असतो. सलाईन त्याच्यावरून वाहून जातं. ही समजूत पसरायला एक खरं कारणही आहे: अटॅकमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात आणि त्यानं जीव वाचतात. ती ताजी रक्ताची गुठळी असते, जुना अडथळा नव्हे. तुम्हाला दाखवतील ते 'आधी-नंतर'चे रंगीत फोटो बघू नका, आणि त्या पॅकेजचे पैसे भरू नका.

झाल्यावर मनगटाला हवेचा पट्टा बांधतात, काही तासांत हळूहळू सैल करून काढतात. बोटं काळी पडली, बधिर झाली तर लगेच सांगायचं. जांघेतून केलं असेल तर पाय सरळ ठेवून चार-सहा तास पडून राहावं लागतं; त्यात म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात जाच लघवीचा होतो, तेव्हा पडल्या पडल्या भांडं घ्यायची तयारी मनाची ठेवा. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर पाणी भरपूर. घरी आल्यावर जागेवरून रक्त आलं तर बोटांनी घट्ट दाबून धरायचं, झोपवायचं आणि थांबत नसेल तर दवाखाना गाठायचा. दोन दिवस मोटारसायकल नको, आठवडाभर त्या हातानं घागर, पोतं, फवारणीचा पंप काही उचलायचं नाही.

स्टेंट टाकलाच तर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने, एक दिवसही न चुकवता. दात काढायचाय म्हणून कुणी बंद करा म्हटलं तरी आधी हृदयाच्या डॉक्टरला फोन. गोळ्या संपल्या आणि तालुक्याला जाणं झालं नाही, एवढ्यावरून नवा स्टेंट बंद पडतो.

हरभऱ्याचं म्हणाल, तर पेरणी मामांनी बांधावर बसून करून घ्यावी. मनगटातून नुसती तपासणी झाली तर आठवड्यानं शेतात फिरायला हरकत नसते. स्टेंट किंवा बायपास झालं तर डॉक्टर सांगतील तसं. निदान नीट होईपर्यंत चढ, ओझं, जेवल्याबरोबर चालणं टाळायचं. तंबाखू आजपासून बंद. ती चालू ठेवून स्टेंटची चर्चा करण्यात मला काही अर्थ दिसत नाही, आणि हे मामांना सुनेनं नाही, मुलानं सांगावं.

तारीख येईपर्यंत एका गोष्टीवर लक्ष ठेवा. बसल्या जागी दुखायला लागलं, झोपेतून उठवलं, पूर्वीपेक्षा थोड्या अंतरावर दुखायला लागलं, तर ते 'स्थिर' राहिलेलं नाही. त्याच दिवशी परभणी गाठा. आणि दुखणं पंधरा-वीस मिनिटं थांबलंच नाही, घाम सुटला, उलटी आली, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर त्यांना खाली बसवून डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी द्या, १०८ ला फोन करा आणि सगळ्यात जवळ जिथं ईसीजी निघेल तिथं न्या. संभाजीनगरची तारीख, योजनेचा कागद, कोण सोबत येणार, यातलं काहीही त्या वेळी बघू नका.